रविवारचं हाय टेन्शन

गुरुवार, २२ नोव्हेंबर १९७३

टेलिव्हिजन आला. नगरात दुकानदाराकडे हा पहिलाच असावा. दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्यानं लपवून ठेवलाय.

भिंगार कॅम्पातले एक मेजरसाहेब बदलून आसामला चालले. सेट त्यांनी दिल्लीत असताना घेतलेला. इथं आल्यावर नुसता फुलदाणी ठेवायला वापरत होते. त्यांच्या बंगल्यातले सगळे रेडिओ मी ठाकठीक करून दिले, त्याबदली मला मिळाला. जुना आहे, पण जुनं ते सोनं. गोधडीत गुंडाळून हातगाडीवर आणला. दारातून आत घेताना बायकोनं, चांगुणानं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी तिला शांतपणे समजावलं, की हे विज्ञान आहे, माझ्या दुकानात दृष्टबिष्ट चालायची नाही. ती बरं म्हणाली आणि भाकरीचा तुकडा टाकायला तीन रस्त्यांच्या तिकटीवर गेली.

तिच्या वडलांनी, म्हणजे कारभारी मामांनी, दिवाळीत फर्मान काढलंय. साखर कारखान्यात ओळखीनं माझ्यासाठी वायरमनची जागा धरून ठेवलीय. भोगीला ते इथं येणार. तवर दुकानाचं काही खरं दिसलं तर ऱ्हाऊ द्या, न्हाईतर फळ्या लावा आन् बिस्तरा बांधा, असं म्हणाले.

मी आणि वायरमन. टेलिव्हिजनचा कोर्स पोस्टानं पुरा केलेला माणूस आहे मी. पुरा म्हणजे शेवटचे दोन धडे पोस्टात गहाळ झाले. हाय टेन्शनचा धडा त्यातच होता. पण ज्याचा पाया पक्का, त्याला कळस आपोआप सुचतो.

संकल्प: भोगी रविवारी येते. मामांना रविवारचा सिनेमा या सेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायचा. मग बघू कोण फळ्या लावतं.


शुक्रवार, २३ नोव्हेंबर

माडीच्या पत्र्यावर पाइपला पाइप जोडून अँटेना उभा केला. तोंड सिंहगडावरच्या टेलिव्हिजनच्या मनोऱ्याकडे. संध्याकाळी बटण दाबलं. आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांतून हळूहळू एक माणूस निघाला आणि ज्वारीवरच्या किडीबद्दल बोलायला लागला. इतकं सुंदर भाषण मी आजवर ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

चांगुणा म्हणाली, तुम्ही होता म्हणून दिसलं. हे मी म्हणत नाही, ती म्हणाली, म्हणून लिहून ठेवतो.

समोरच्या दुकानातून दानीएल आला. त्याचंही रेडिओ दुरुस्तीचंच. हात मागं बांधून उभा राहिला आणि म्हणाला, चांगलं दिसतंय नाथभाऊ. पायरी उतरताना पुन्हा म्हणाला, फारच चांगलं दिसतंय. एकदा म्हणाला असता तर मी लक्ष दिलं नसतं.


शनिवार, २४ नोव्हेंबर

दिल्ली दरवाजाला राहीबाईकडून लिंबू-मिरची आणली. ही दृष्टीसाठी नाही. याला प्रिकॉशन म्हणतात.

दारावर बांधली असती तर दानीएलला वाटलं असतं की हा मला भ्याला. शिवाय परवाच चांगुणाला विज्ञानावर बोललोय. म्हणून सेटच्या मागच्या झाकणाच्या आत टांगली, कुणाच्या नजरेस पडायची नाही अशी. राहीबाई लोखंडी तारेत ओवते, ते बरं पडतं. तार जरा तोकडी होती, तिला दुकानातली तांब्याची तार जोडून सोल्डर मारला. काम करायचं तर पक्कं करायचं.


रविवार, २५ नोव्हेंबर

सिनेमाला सगळी गल्ली लोटली. बायका पुढं, पुरुष मागं, राहिलेले खिडकीत. नायक-नायिका बागेत आले, गाणं सुरू होणार, तेवढ्यात आतून तड तड तड. चित्र फुगलं, फिकं झालं, आणि गेलं. वीज पडल्यावर येतो तसा वास. पुढच्या बायका खोकायला लागल्या. थंडी पडलीय, खोकल्याची साथ आहे.

पाच मिनिटांत निदान केलं. हाय टेन्शनचा बिघाड. पिक्चर ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या आसपास लागतात. ते ट्यूबपर्यंत न जाता मधेच कुठंतरी उडी मारतायत. कुठं, एवढंच शोधायचं राहिलं. आठवडाभराचं काम.


मंगळवार, २७ नोव्हेंबर

आज पद्धतशीर तपासणी. आधी लिंबू-मिरची काढून देवळीत ठेवली. अशा वस्तूसमोर स्क्रू-ड्रायव्हर चालवणं मला प्रशस्त वाटत नाही. मग झाकण उघडं ठेवून, दिवा मालवून, अंधारात आत बघत बसलो. ठिणगी नाही. संध्याकाळचा सगळा कार्यक्रम झाला, बातम्या झाल्या, तरी ठिणगी नाही.

लिंबू-मिरची जागच्या जागी लावली, झाकण बसवलं, बटण दाबलं. तड तड.

निष्कर्ष उघड आहे. झाकण उघडं, तर बिघाड नाही. झाकण लावलं, की बिघाड. सेटचा जीव गुदमरतोय.


गुरुवार, २९ नोव्हेंबर

झाकणाला गिरमिटानं भोकं पाडली. आज चित्र उत्तम. द्राक्षाच्या छाटणीचा कार्यक्रम होता, पानन् पान दिसत होतं. भोकांचा गुण आला.

उद्याही बघणार. मग रविवारी दणक्यात.


रविवार, २ डिसेंबर

नायकानं गुंडाला पहिला गुद्दा मारला आणि तड तड तड.

कालच ताजी लिंबू-मिरची लावली होती. जुनी पार वाळून गेली होती, ती रीतीप्रमाणं तिकटीवर टाकली. म्हणजे माझ्याकडून कसली कसूर नाही. मंडळी खोकत खोकत घरी गेली. दानीएल शेवटपर्यंत थांबला. आत कुठं ओल वगैरे आहे का बघ म्हणाला. नोव्हेंबरपासून थेंबभर पाऊस नाही, ओल कुठून येणार. हसलो नाही, पण हसू आलं होतं.


बुधवार, ५ डिसेंबर

शॉक बसला. सेट बंद होता, प्लगही काढलेला होता, तरी बसला. जाड वायरीच्या टोकाला ट्यूबवर एक रबरी टोपी असते, तिला कोपर लागलं. मी थेट पिठाच्या डब्यावर. बंद केल्यावरही ट्यूबच्या पोटात करंट राहतो, हे मला ठाऊक होतं, पण आता जास्त ठाऊक झालं.

चांगुणानं हळद-दूध दिलं. किती वेळ राहतो हा करंट, असं विचारत होती. थोडा वेळ थांबावं लागतं, मग मूठ असलेल्या पेचकशाला वायर बांधून तो उतरवायचा असतो, हे सगळं मी तिला सविस्तर सांगितलं. तिला कळलं नसेल, पण बाईमाणसानं ऐकलं तेही पुष्कळ.

मग म्हणाली, मागचं झाकण काढून द्या, आतली जळमटं झाडते. स्पष्ट नाही म्हटलं. पंधरा हजार व्होल्ट म्हणजे काय मांडणी आहे, फडका मारायला.


शुक्रवार, ७ डिसेंबर

चित्र पुन्हा उत्तम. सोमवारी नव्हतं, मंगळवारी अर्धं, काल बरं, आज उत्तम. मागच्या आठवड्यातही असंच झालं. याच्यामागं काहीतरी नियम आहे. मी त्याच्या जवळ पोचलोय असं वाटतं.


रविवार, ९ डिसेंबर

नियम सापडला.

शेतीच्या कार्यक्रमात माणूस एका जागी बसून बोलतो. सेटवर भार नाही. सिनेमात नाच, घोडे, मारामारी, आगगाडी. एवढं सगळं ट्यूबनं ओढायचं म्हणजे हाय टेन्शनवर ताण येणारच. शिवाय रविवारी मुंबई-पुण्याचे सगळे सेट एकदम चालू, चित्र त्यांच्याकडं ओढलं जातं, आपल्या वाट्याला ताक. आजही घोडे आले आणि सेट गेला.

दानीएलला हा सिद्धान्त सांगितला. त्यानं हात मागं बांधले. मग म्हणाला, ठिणगी कुठून कुठं उडते ते एकदा सेट जसा असतो तसाच ठेवून बघ, काहीही न हलवता. याला म्हणतात पोटदुखी. सरळ सल्ला द्यायचा आणि वाटेत काटे पेरायचे.


शनिवार, १५ डिसेंबर

पुण्याहून नवा व्हॉल्व्ह मागवला होता, तो एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिला. बसवला. ट्रान्सफॉर्मरवर घरातलं मेण वितळवून ओतलं, म्हणजे ठिणगीला बाहेर पडायला फट नाही. वास मेणबत्तीसारखा येतो. चांगुणा म्हणाली, चर्चात बसल्यासारखं वाटतंय. दानीएलला आवडेल.

नेहमीचं शनिवारचं कामही उरकलं. राहीबाई आता विचारत नाही, मी दिसलो की बांधून ठेवते. आज लिंबू चांगलं मोठं, रसरशीत निघालं.


रविवार, १६ डिसेंबर

नव्या व्हॉल्व्हनं दोन गाणी तग धरली. मग जे झालं ते नेहमीपेक्षा मोठं झालं. निळा उजेड झाकणाच्या भोकांतून थेट भिंतीवर. कानिफनाथ पिठाच्या गिरणीवाले म्हणाले, सिनेमापेक्षा हेच बघायला मजा येते. लोकांना शास्त्राची किंमत नाही.

खोकला मात्र जबरदस्त. गिरणीवाल्यांच्या आई म्हणाल्या, ह्याच्यातून फोडणी दिल्यासारका ठसका येतोय बाबा. मी त्यांना ओझोन समजावून सांगितला. त्या हो हो म्हणत शिंकत होत्या.


मंगळवार, २५ डिसेंबर

दानीएलकडं नाताळचा फराळ. त्याची बायको एलिझाबेथ करंज्या फार छान करते. चांगुणा आणि ती कोपऱ्यात बसून पुष्कळ वेळ बोलत होत्या. माझ्याकडं बघून दोघी गप्प झाल्या. घरी येताना विचारलं काय बोलत होता, तर चांगुणा म्हणाली, करंज्यांचं.

दानीएलनं आजही विचारलं, मी एकदा आत डोकावू का. मी म्हटलं, सणाचा दिवस आहे, कामाचं नको. तो आत डोकावला तर त्याला काय काय दिसेल, याचा विचार करूनच अंगावर काटा आला.


बुधवार, २ जानेवारी १९७४

नववर्षाचे संकल्प:

भोगीपर्यंत हाय टेन्शन काबूत आणणे. मामांशी नम्रपणे पण ताठ मानेनं बोलणे. चिडणे बंद.

गेले दोन्ही रविवार सेट गेला. पण शुक्रवारी एकदाही गेला नाही, याची नोंद कोण घेतो. माझ्या मते सेट आता दुरुस्तच आहे, फक्त रविवारी चालत नाही. माणसालासुद्धा आठवड्याची सुट्टी लागते.

चिठ्ठी आली. मामा शनिवारीच मुक्कामाला येतायत. कारखान्याच्या इंजिनेर सायबाला सोमवारी जबाब द्यायचा हाय, असं कुणाकडून तरी लिहवून घेतलंय. हे दुकान मी बोहल्यावर चढायच्या आधीपासून चालवतोय. सोल्डरचा वास आला नाही तर मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. चांगुणाला तसं म्हटलं. ती म्हणाली, जाणार नाही दुकान. कशावरून म्हणाली कुणास ठाऊक.


शनिवार, १२ जानेवारी

मामा आले. पटका, काठी, आणि भोगीसाठी हरभऱ्याचे डहाळे, गाजरं, वांगी यांचं गाठोडं. आल्या आल्या दुकान बघितलं. फळीवरचे रेडिओ बघून म्हणाले, ह्यातला बोलतो कोन्ता. मी म्हटलं, सगळे बोलणार आहेत. ते म्हणाले, मंजी अजून मुके हायेत.

उद्याची व्यूहरचना पक्की. मागचं झाकण काढूनच ठेवायचं, मागून टेबल फॅनचा वारा. गुदमरायचा प्रश्नच मिटला. झाकण नसल्यामुळं लिंबू-मिरची दिसली असती, म्हणून ट्यूबच्या पाठीमागं, रबरी टोपीच्या अगदी जवळ, खोल सारली. उद्याचा प्रसंग मोठा, म्हणून एकाऐवजी तीन लावल्या. राहीबाई म्हणाली, पोरीचं लगीन हाय का.


रविवार, १३ जानेवारी. भोगी

लिहायला बसलोय पण डोळे अजून चुरचुरतायत.

संध्याकाळी गल्ली जमली. दानीएल आणि एलिझाबेथही आले. मामांना मी पुढची खुर्ची दिली. ते म्हणाले, म्होरनं समदेच बघत्यात, बैल घेताना मी मागनं बघतो. खुर्ची उचलली आणि सेटच्या मागं जाऊन बसले. मी म्हटलं मामा, सिनेमा दिसणार नाही. ते म्हणाले, मला सिनेमाला न्हाई, इंजिनाला भुलायचंय.

सिनेमा सुरू झाला. पाट्या पडल्या, पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मी चांगुणाकडं बघितलं. ती माझ्याकडं न बघता सेटच्या पाठीकडं बघत होती.

मग घोडे आले.

तड तड नाही, यावेळी सरळ भडका. मामा मागून शांतपणे म्हणाले, जावईबापू, ह्यात मिरच्या भाजाया कुनी ठिवल्या. पुढचं मला दिसलं नाही, कारण फॅनचा वारा सेटवरून थेट मंडळींवर होता. तीन माळांच्या मिरच्या एकदम करपल्या. सगळी गल्ली उठून रस्त्यावर. गिरणीवाले नाल्याजवळ बसले. दानीएल एलिझाबेथच्या पदरात शिंकत होता, आणि शिंकता शिंकता हसत होता, हे मी बघितलं.

नाकाला पदर लावून चांगुणा एकटी आत राहिली. बटण बंद केलं, प्लग काढला. थोडा वेळ थांबली. मग मूठ असलेला पेचकश घेतला, त्याला वायर बांधलेलीच होती, आणि मी सांगितलं होतं अगदी तसा करंट उतरवला. सांडशीनं तिन्ही माळा ओढून काढल्या आणि रस्त्यावर टाकल्या. प्लग लावला. बटण दाबलं.

राहिलेला सिनेमा एकदाही न अडखळता लागला. घोडे, मारामारी, पूर, कोर्टाचा निकाल, सगळं. मंडळी हळूहळू आत आली. शेवटची पाटी पडेपर्यंत मी उभाच होतो.

सगळे गेल्यावर मामांनी रस्त्यावरची एक माळ काठीनं उचलून आत आणली आणि विचारलं, हे कुनी बांदलं. मी याच्यामागचं तत्त्व सांगायला तोंड उघडलं होतं. चांगुणा म्हणाली, मीच बांधलं आबा, दृष्ट लागू नये म्हणून, यांना माहीत नव्हतं. डोळ्याची पापणी हलली नाही तिची.

मामांनी तार जवळ घेतली. राहीबाईची लोखंडी तार, पुढं तांब्याची, मधे सोल्डर. बोटानं चाचपून बघितलं. म्हणाले, सांदा झ्याक मारलाय, तू हे कवा शिकलीस पोरी. ती म्हणाली, इथंच.

मी जाऊन खिडक्या उघडल्या. मिरचीचा धूर अजून घरात होता.


सोमवार, १४ जानेवारी. संक्रांत

तीळगूळ देताना मामांनी निकाल सांगितला. दुकान ऱ्हाऊ द्या. इंजिनेर सायबाला मी न्हाई म्हनून सांगतो. कारखान्यात अकरा हजाराची लाइन हाय. तितं तुमी लिंबू बांदलं तर समदा तालुका अंधारात जाईल आन् उसाचा रस वाळून बसंल.

मी म्हटलं, मामा, लिंबू मी नव्हतं बांधलं. ते म्हणाले, तेबी खरंच. आणि एस.टी.च्या स्टँडपर्यंत हसत गेले.

म्हणजे त्यांना माझी योग्यता पटली. कारखान्याचं काम मला कमी पडलं असतं, एवढाच याचा अर्थ. दुकान वाचलं. देवळीसमोर उभं राहून मी चांगुणाला म्हटलं, झालं गेलं विसरून जा, माणसाच्या हातून चुका होतात, मी काही मनात ठेवलेलं नाही. ती तीळगूळ खात होती. म्हणाली, तुमचं मन मोठं आहे.


शनिवार, १९ जानेवारी

सबंध आठवडा सेट घड्याळासारखा चालतोय. गल्ली रोज जमते. दोन माणसांनी रेडिओ दुरुस्तीला टाकले, दानीएलनं स्वतः एक गिऱ्हाईक पाठवलं. काल म्हणाला, फारच चांगलं चाललंय नाथभाऊ. परवाही म्हणाला होता.

दिल्ली दरवाजाला सहज गेलो. राहीबाईनं बांधून ठेवली होती, नाही म्हणणं बरं दिसेना. लहानशीच आहे, एकाच लिंबाची. आता चूक कुठं झाली होती ते कळलंय. जागा चुकली होती. टोपीपासून वीतभर लांब टांगली की झालं.

दुपारी चांगुणा पाण्याला गेली तेव्हा सेट पुढं ओढला. मागच्या झाकणाला कडी-कोयंडा बसवलाय आणि त्याला कुलूप. दोन्ही नवे. स्क्रू दानीएलच्या दुकानातले दिसतात.

किल्ली तिच्या कनवटीला. ती आल्यावर मागितली. म्हणाली, काय तपासायचंय ते सांगा, मी उघडून देते. खिशात हात होता, खिशात लिंबू होतं. काही नाही म्हटलं.

रात्री जेवताना पिठल्यावर पिळायला तिनं तेच लिंबू मागितलं.